आबांच्या बाटलीतलं पाणी

भिवंडीला हवापालटासाठी कोणी जात नाही. आमच्या कराडच्या भजनी मंडळात मी जाहीर केलं, की माघात चार दिवस भिवंडीला चाललेय, तेव्हा एकीनं घाबरून विचारलं, "कोण आजारी आहे?" दुसरीनं हातात चादरींची यादी ठेवली. केदारनाथहून आलेल्या बाईच्या पाया पडतात. भिवंडीहून आलेल्या बाईला विचारतात, सुती होत्या की मिक्स. तेव्हा आधीच सांगते, चादरी आणलेल्या नाहीत. जे आणलंय ते खाली लिहिलंय.

जायचं कारण एक फोन. माझे धाकटे दीर दामूभावजी, वय त्र्याहत्तर, फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी चार बोलले.

"वयनी, नातीची हलद हाय. तू येवाच पायजेस." मग घसा खाकरला. "ह्या खेपेला धार मना सोडायचीय. दादा न्हाय म्हनतंय."

धार म्हणजे काय, ते न गेलेल्यांसाठी सांगते. सासरच्या गावी हळदीच्या दिवशी मांडवात पाहुण्यांच्या पेल्यात थेंबही पडायच्या आधी घरातला पुरुष बाटली उघडून जमिनीवर दारूची बारीक धार सोडतो. गावदेवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना. "गोड मानून घ्या," म्हणतो. हा मोठा मान. दामूभावजींकडून तो पंचावन्न वर्षांपूर्वी काढून घेतला गेला. स्वतःच्या दोन मुलींच्या हळदीतसुद्धा ते बाजूला उभे राहिले आणि धार सोडली थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी. गुन्हा असा, की त्यांनी आबांच्या, माझ्या सासऱ्यांच्या, व्हिस्कीत पाणी घातलं.

पाणी मी घातलं होतं.

वडपे, चुकून

कल्याणला उतरून रिक्षा केली. पुतण्यानं, दामूभावजींच्या नितेशनं, मोबाइलवर लोकेशन पाठवलं होतं. मी ते रिक्षावाल्याला दाखवलं आणि विदुषीसारखी मागे टेकून बसले. रिक्षावाला उत्तरेकडचा, पंधरा वर्षं लूमवर काढलेला. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं शेजारी बसलेल्याशीही पलीकडच्या गल्लीत असल्यासारखी बोलतात.

"माताजी, भिवंडी में किसके यहाँ?" तो ओरडला.

"शादी है," मीही ओरडले.

वाटेत मी त्याला विचारलं, की व्हिस्कीत पाणी घालावं की घालू नये. हा प्रश्न मी ह्या प्रवासात भेटेल त्याला विचारायचा ठरवला होता. पंचावन्न वर्षं पोटात ठेवलेल्या पापाची निदान माहिती तरी पुरी असावी. त्यानं आरशातून माझी पांढरी वेणी, तुळशीची माळ आणि मांडीवरचा लाडवांचा डबा नीट पाहून घेतला.

"हम तो पीते नहीं, माताजी. पर जो पीता है, वो पानी का नहीं सोचता. पानी का तो उसकी घरवाली सोचती है."

शहाणा माणूस. मी त्याला एक लाडू दिला.

बोलता बोलता गाव यायला हवं होतं, ते येईना. खाडी दिसायची तिथं हायवे दिसू लागला, आणि नारळीच्या जागी पत्र्याची गोडाऊनं. एकापुढे एक, रंगहीन, आणि इतकी मोठी, की त्यात आमचं अख्खं भजनी मंडळ टाळांसकट हरवलं तरी कळायचं नाही. ट्रकांची रांग मारुतीच्या शेपटीसारखी, संपेचना. "लोकेशन यही है, माताजी," रिक्षावाला म्हणाला. आम्ही वडप्यात होतो. गाव खारबावच्या पुढं, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. नितेशनं घराऐवजी स्वतःच्या गोडाऊनचं लोकेशन पाठवलं होतं.

तो धावत आला. "काकी, सॉरी! सवयीनं गेलं. ड्युटीवर सगळ्यांना हेच पाठवतो ना!"

तक्रार करणार नाही. चुकलेल्या वाटेनंच मला पाहायला मिळालं, की माझ्या सासरच्यांच्या नातेवाइकांची भातशेती होती तिथं आता जगातल्या लोकांचे मिक्सर, बूट आणि बाळांचे लंगोट खोक्यांतून आपल्या पत्त्याची वाट पाहत बसतात. माझ्यासारखेच, चुकीच्या ठिकाणी उतरलेले.

नितेशच्या केबिनमध्ये चहा आला. मग त्यानं दार लोटलं आणि फायलींच्या कपाटातून एक लांबट खोकं काढलं. आत बाटली. विमानतळावरून मित्रानं आणलेल्या दोनांतली एक. दुसरी घरी, धारेसाठी.

"काकी, ही नुसती प्यायची नसते," तो कुजबुजला. त्यानं खिशातून डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर काढला. "दोन थेंब पाणी. मोजून. मग वास खुलतो. मी व्हिडिओ पाहिलाय."

"दादा काय म्हणतात?"

"दादा म्हणतात, पाणी शेताला, दारूला न्हाय. आबा कोरी प्यायचे, आमच्या घरात कोरीच."

मी चहाचा रिकामा कप पुढं केला. नितेशचे डोळे बशीएवढे झाले.

"काकी, तुम्ही?"

"औषधापुरती. टोपणभर."

पहिला घोट कोरा. सांगायचं तर, चुलीतलं लाकूड उलट्या बाजूनं तोंडात घातल्यासारखं झालं. कानातून वाफ गेली. मग त्यानं ड्रॉपरमधून दोन थेंब टाकले, कप गोल फिरवला. आता तीच दारू ओल्या लाकडाचा, जुन्या गुळाचा आणि पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेचा वास द्यायला लागली. घसाही शेजाऱ्यासारखा वागला, भाऊबंदासारखा नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे मी तेव्हा आबांचं भलंच करत होते! पाप धुऊन निघायला एक ड्रॉपर पुरतो. पण लाडवाचा डबा उचलताना दामूभावजींचा फोनवरचा घसा आठवला आणि भलं जरा खाली बसलं.

खारबावच्या पुढं, खाडीच्या अंगाला

आता त्या पोरीबद्दल सांगते. एकवीस वर्षांची सिंधू, साताऱ्याकडच्या मास्तरांची मुलगी, निबंधस्पर्धेत दारूबंदीवर पहिला नंबर. बक्षीस म्हणून मिळालेली शाईची दौत ती सासरी घेऊन गेली होती. बाकीच्या नव्या नवऱ्या कुंकवाचा करंडा नेतात. ही दौत. नवरा पाटबंधाऱ्यात नोकरीला, कोयनेच्या बाजूला. त्यानं तिला दोन वर्षं आईवडिलांजवळ ठेवली. तिनं पहिल्या आठवड्यातच ठरवलं, की हे घर सुधारायचं.

गावात ताडी होती, हातभट्टी होती. आबा त्यांना तोंड लावत नसत. त्यांना महिन्याला एक विलायती बाटली लागे. ती दामू शहरातून आणी, आणि ओटीवरच्या कपाटात ठेवी. किल्ली खिळ्याला. रोज जेवणाआधी दोन बोटं, कोरी. "पानी घालून बायका पितात," आबा गावभर सांगत. गावातली एकही बाई पीत नव्हती, पण आबांना कोण सांगणार?

सुधारक सिंधू दुपारी सगळे झोपले की किल्ली काढी. आठवड्यातून दोनदा चार चमचे व्हिस्की काढून परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओतायची, आणि माठातलं चार चमचे पाणी बाटलीत भरायचं. रंग उतरू नये म्हणून वर थोडा कोरा चहा. हिशेब तिचा असा, की वर्षभरात आबा नकळत पाण्यावर येतील आणि मग ती सांगेल, की पाहा! त्या वर्षी केळीला घड असा लागला, की शेजारी बी मागायला आले. केळीला बी नसतं, हे सांगायचंही तिला सुचलं नाही. इतकी ती मनातून घाबरलेली.

घाबरलेली, कारण मधल्या काळात व्याही, म्हणजे दादांचे सासरे, आले होते. आबांनी मोठ्या दिमाखात त्यांना पेला दिला. व्याह्यांनी घोट घेतला, पेला दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "आबा, तब्येत बरी न्हाय काय? ह्यो काढा हाय."

घराची अब्रू पेल्यात पाण्यासारखी दिसत होती. किल्ली कोण ठेवतो? दामू. बाटली कोण आणतो? दामू. दादांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. दामू गप्प. अठरा वर्षांचा, मान खाली, कान लाल. "ज्याच्या हातानं पानी पडलं, त्याच्या हातची धार देव घेनार न्हाय," आबा म्हणाले, आणि ते वाक्य आबा गेले तरी गेलं नाही.

निबंधस्पर्धेत पहिली आलेली मुलगी दाराआड उभी होती. तोंडात पदराचा बोळा. सत्यावरही तिनं एक निबंध लिहिला होता. त्यात दुसरा नंबर आला होता, ते बरोबरच होतं.

गावात पोचले तेव्हा दुपार झाली होती. श्रावणी, नवरी, धावत येऊन गळ्यात पडली. जाऊबाईंनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, पहिलं वाक्य टाकलं, "आयलीस? किती वालली गो!" आणि ताट पुढं केलं. तांदळाची भाकरी, चुरचुरीत निवट्या, वालाचं बिरडं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी. ताटातही तिचा चेहरा उडी मारायच्या तयारीतला दिसतो. आमच्या कराडात भाकरी ज्वारीची, जाड आणि तत्त्वनिष्ठ. इथली तांदळाची पांढरी, मऊ, घडी घालून पाकिटात ठेवावी अशी. तरुणपणी मी हिला भाकरी म्हणायला तयार नव्हते. आता चार खाल्ल्या.

दादा मांडवाच्या खांबाशी खुर्चीत बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, ताठ. मी नेहमीसारखी परसदारानं आत शिरलेली दिसताच त्यांनी तोंड खाडीकडे फिरवलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "त्यांना म्हनावं, परवास बरा झाला ना?"

ह्यात राग नव्हता. आमच्या घरची रीत. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, तिनंही त्यांच्यासमोर यायचं नाही, उंबऱ्याआत राहायचं. पंचावन्न वर्षांत दादा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. माझे यजमान गेले तेव्हाही ते कराडला आले, ओसरीत बसून रडले आणि भिंतीला म्हणाले, "त्यांना म्हनावं, दोन घास खा."

आता पंचाईत पाहा. ज्या माणसापुढं कबुली द्यायची, त्याच्याशी बोलायचीच सोय नाही. आणि दामूभावजी अंगणात झेंडूच्या माळा ओवत बसलेले. धारेचं नाव काढत नव्हते, पण बाटली ठेवलेल्या पाटाकडे दर दोन फुलांनी एकदा पाहत होते.

हळदीची दुपार

दुसऱ्या दिवशी परसात मोठ्या कढया चढल्या. मटण आणि वडे. आमच्याकडे हळदीला वरण-भात आणि सात्त्विक चेहरे असतात. इथं हळद म्हणजेच लग्न, लग्न म्हणजे उरलेला कागदोपत्री भाग. शेलार गावची धवलारीण आली होती. लग्नातले धवले गाणारी ही बाई म्हणजे भटजीच, फक्त पोथीऐवजी गळा. ती ओटीवर बसून सूर धरत होती.

दादा खांबाशी. दामूभावजी शिडीवर, माळ बांधताना. मी उंबऱ्याआत, जाऊबाई उंबऱ्यावर, मांडीत वड्यांचं पीठ. एवढ्यात दादा म्हणाले, "दामू, मावलतीच्या आधी धार सोडून घेऊ. मी सोडतो."

दामूभावजी शिडीवरून म्हणाले, "बरं." एवढंच. माळेची गाठ मात्र चार वेळा मारली.

मी जाऊबाईंना म्हटलं, "बाई, दादांना सांगा. आबांच्या बाटलीत पाणी दामूभावजींनी नाही घातलं. मी घातलं."

जाऊबाईंचा हात पिठात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "ती म्हनते, ऊन फार हाय."

"बाई!"

"गप बस गो. मेलेल्या मानसाची बाटली कशाला उघडतेस?"

मी उंबऱ्याला हात टेकून उठले आणि अंगणभर ऐकू जाईल असं, त्या रिक्षावाल्याच्या पट्टीत, म्हणाले, "बाई, दादांना सांगा, आठवड्यातून दोनदा, चार-चार चमचे, वरून कोरा चहा, मी घालत होते!"

धवलारणीचा सूर मध्येच तुटला. नितेश हातात ड्रॉपर घेऊन तसाच उभा. दादांनी खाडीकडचं तोंड वळवलं नाही, पण कान इकडे आला.

जाऊबाईंनी पिठाचा गोळा खाली ठेवला. "च्या बी?" त्या हळूच म्हणाल्या. "म्हंजी तो रंग तुझा व्हता? मना वाटलं, माझ्या पान्यानं असा झाला."

"तुमच्या?"

"बालाच्या छातीला चोलायला वाटीभर काढायची. माझा थोरला, लय सर्दी. मग तेवढंच पानी घालायची. आबांना कमी पडाया नको."

ह्या बाईच्या वाटीपुढं माझे चमचे म्हणजे नुसता तीर्थप्रसाद.

शिडी करकरली. दामूभावजी खाली आले. माझ्यासमोर उभे राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पंचावन्न वर्षं ह्या माणसानं मला दर भाऊबीजेला सुकट पाठवली होती.

"वयनी, किती दिस घालत व्हतीस?"

"वर्षभर."

ते मांडवाच्या कडेला बसले. हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "मी प्यायलो व्हतो," ते म्हणाले. "एकदाच. अर्धं झाकन. चव कशी असते म्हनून. न अर्धं झाकन पानी घातलं. दुसऱ्या महिन्याला व्याही आले." दोरा सोडला, परत गुंडाळला. "मना वाटलं, माझ्या अर्ध्या झाकनानं सगली बाटली बिघडली. म्हनून मी तवा बोललो न्हाय. पंचावन्न वर्सं इचार करतोय, अर्ध्या झाकनाला एवढी ताकद कशी?"

कोणी हसलं नाही. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्या दोघांनी दारात चेंगराचेंगरी केली. हा माणूस गप्प बसला होता तो अन्यायामुळे नव्हे. तो स्वतःला गुन्हेगारच समजत होता. माझ्या गप्प बसण्यानं त्याचं अर्धं झाकण बादलीएवढं करून ठेवलं होतं.

"भावजी, चुकले," मी म्हटलं. ह्याहून लांब वाक्य सुचलं नाही. निबंध लिहिणारी पोरगी आयत्या वेळी पुन्हा पळाली.

"तू चमचा, मोठी वयनी वाटी, मी झाकन," दामूभावजी मोजत म्हणाले. त्यांच्या मिशीच्या एका टोकाला काहीतरी व्हायला लागलं होतं. "मग आबा पीत काय व्हते?"

आता सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादा खुर्चीतून उठले. "मांडवाची दोरी सैल वाटते," असं म्हणून पलीकडच्या खांबाकडे निघाले.

"बसा जागेवर!" जाऊबाई म्हणाल्या. साठ वर्षांच्या संसारात त्यांनी हे वाक्य पहिल्यांदा वापरलं असावं, कारण दादा खरोखर बसले. "शिमग्याला न दिवालीला. मी पायलंय. बाटलीतनं पेला भरायचा, न तेवढंच पानी माठातनं बाटलीत. सांगू सगलं?"

दादांनी टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली.

मग दामूभावजी हसले. आधी नाकातून, मग पोटातून. धवलारीण हसली, कढईजवळच्या बायका हसल्या, श्रावणी हळदीच्या पाटावर हसून वाकडी झाली. पाणी घालून बायका पितात, असं गावभर सांगणारे आमचे आबा वर्षभर रोज संध्याकाळी मिशीला पीळ देऊन चहाचं पाणी कोरं पीत होते, आणि म्हणत होते, "असल माल!"

ऊन कलायला लागलं. दादांनी पाटावरची बाटली उचलली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, अंगण ओलांडून आले आणि दामूभावजींच्या हातात दिली. दिली, आणि लगेच हात मागे बांधले, परत घ्यायचा मोह नको म्हणून.

दामूभावजींनी बूच काढलं. बाटली वाकवली आणि थांबले. नितेश ड्रॉपर पुढं करून कुजबुजला, "बाबा, दोन थेंब." दामूभावजींनी सवयीनं दादांकडे पाहिलं. घरातला शेवटचा शब्द नेहमी त्यांचा.

दादा सवयीनंच म्हणाले, "आबा कोरी..." आणि अडकले.

मग त्यांनी खाडीकडचं तोंड वळवलं. जाऊबाईंकडे नाही, भिंतीकडे नाही. उंबऱ्यात माझ्याकडे.

"सिंधूबाई," ते म्हणाले, "किती घालायचात?"

मी उंबरा ओलांडला. त्या घरात दादांच्या समोर मी पहिल्यांदा अंगणात उतरले, आणि गुडघ्यानं त्याची मोठ्यानं नोंद घेतली. जाऊबाईंनी माठातून तांब्या भरून हातात दिला. दामूभावजींनी पेल्यात व्हिस्की ओतली आणि माझ्यापुढं धरली. चमचा नव्हता, तांब्याच वाकवला. पाणी मात्र नेमकं तेवढंच पडलं.

"च्या ऱ्हायला," जाऊबाई म्हणाल्या.

दामूभावजींनी पेला वाकवला. "आबा," ते म्हणाले, "तुमच्या सवयीची हाय. गोड मानून घ्या."

धार बारीक, सरळ, सारवलेल्या जमिनीवर पडली. जमिनीनं ती एका दमात पिऊन टाकली.